शिक्षक रामजी सुभेदार

नागपूर येथे शिक्षक आणि पालक यांच्यापुढे जे बोललो, तेच थोडेसे सावरून या पानांतून आपल्यापुढे ठेवीत आहे. विषय आहे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. हे नाव आपणांस नवे नाही. भीमजयंतीच्या कोणत्याही पोवाड्यात पहिल्या दोन ओळींतच रामजीबाबांचे आणि भीमाईचे नाव येते. तिसऱ्या ओळीला भीमराव जन्मतात. आणि तेथून पुढे शाहीर पित्याकडे फिरून पाहत नाही. शाहिरास मी दोष देत नाही. सूर्य उगवल्यावर समई कोण पाहतो? परंतु ज्यांच्या घरात अजून समईच आहे, अशा तुम्हां आम्हांला ती कशी लावली होती, तिला तेल कोठून आले, वात कोणी सारखी केली, हे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून आज मी बाबासाहेबांच्या पित्याविषयी बोलणार नाही. मी एका शिक्षकाविषयी बोलणार आहे, ज्याच्या वर्गातील शेवटचा विद्यार्थी त्याचाच मुलगा होता.

रामजी हे मूळचे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे गाव. वडील मालोजी कंपनी सरकारच्या पलटणीत होते. रामजीही पलटणीत गेले. ज्या समाजाला गावच्या शाळेच्या ओसरीवरही पाय ठेवता येत नव्हता, त्या समाजातील मनुष्य त्या काळी लिहिता-वाचता झाला तो कोठे, असे विचाराल तर उत्तर एकच आहे : पलटणीत. सैन्यातील शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते. मुलांसाठी दिवसाच्या आणि प्रौढांसाठी रात्रीच्या शाळा चालत. मुलींनाही त्यांत मज्जाव नव्हता. या शाळांना शिक्षक हवेत म्हणून पुण्यास सैन्याची नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा होती. रामजी त्या शाळेत शिकले, तेथून शिक्षक होऊन बाहेर पडले, आणि पुढे चौदा वर्षे त्यांनी लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. सुभेदार हा हुद्दा त्यांना मिळाला, आणि लोकांनी तोच लक्षात ठेवला. खांद्यावरची निशाणी दिसते, हातातला खडू दिसत नाही. पण नोकरीची ही चौदा वर्षे खडूची होती, हे विसरू नये.

या ठिकाणी एका राजकीय गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. १८९२ साली, म्हणजे मध्य हिंदुस्थानातील महू येथे भीमराव जन्मल्यावर अवघ्या वर्षभराने, सरकारने महारांची सैन्यातील भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी एक सोयीची विद्या तेव्हा निघाली होती, तिचा हा प्रसाद. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरलेली, ते बिनलढाऊ ठरले! चरित्रकार सांगतात की, या हुकुमाविरुद्ध अर्ज करण्याच्या खटपटीत रामजी होते आणि अर्जाच्या मसुद्यासाठी ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले होते. अर्जाचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात दार थोडे किलकिले झाले आणि युद्ध संपताच पुन्हा लागले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिची एक पलटण आपल्या नागपूरला लागून असलेल्या कामठीस तयार झाली, हे येथील वृद्धांच्या तोंडून तुम्ही ऐकले असेल. लोक या बंदीकडे भाकरीचा प्रश्न म्हणून पाहतात. तो होताच. परंतु शिक्षक रामजींना त्यात दुसरेही काही दिसले असले पाहिजे. पलटण बंद झाली म्हणजे पलटणीची शाळाही बंद झाली. ज्या एकाच ठिकाणी अस्पृश्याचे पोर कोणाच्या मेहेरबानीवाचून, हक्क म्हणून पाटी घेऊन बसू शकत होते, ते ठिकाण गेले.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. शाळा हातातून गेली तेव्हा त्यांनी काय केले? त्यांनी शाळा घरी आणली.

हे घर कसे होते ते पाहा. भीमाबाईंना चौदा अपत्ये झाली. त्यांतली थोडीच जगली. दापोलीस काही काळ काढून कुटुंब साताऱ्यास आले आणि तेथे भीमाबाई वारल्या. धाकटा भीमराव तेव्हा पाच वर्षांचा. रामजींची थोरली बहीण मीराबाई अपंग होती. तिने या पोरक्या घराचा भार उचलला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात. त्या दिवशी होणाऱ्या भाषणांत विद्यार्थ्याचा गौरव होतो, तो योग्यच आहे. त्या मुलाला शाळेत घालणाऱ्या निवृत्त शिक्षकाला मात्र त्या सभेत कोणी खुर्ची देत नाही.

मुलगा शाळेत गेला, पण बसला कोठे? वर्गाच्या कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर. नळाला हात लावण्याची त्याला मनाई होती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक असलेल्या पित्याने आपल्या मुलाचे ते गोणपाट रोज संध्याकाळी घरी येताना पाहिले असेल. त्याला काय वाटले असेल ते कोठे लिहिलेले नाही. परंतु शाळा सोड, असे त्याने म्हटले नाही.

याच काळात रामजींनी खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपालाची नोकरी धरली. दुष्काळात उपासमारीने मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास काढला होता. मुले साताऱ्यास, बाप गोरेगावास. मुले आपले अन्न आपणच शिजवीत. १९०१ च्या उन्हाळ्यात रामजींनी मुलांना सुटीसाठी बोलाविले. नवे सदरे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, रेशीमकाठी धोतरे आली. भीमराव, त्यांचे बंधू आणि दिवंगत थोरल्या बहिणीची मुले अशी ही वरात आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पुढचे बाबासाहेबांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत सांगितले आहे आणि ते सर्वांना माहीत आहे : जात कळताच स्टेशनमास्तरचे तोंड फिरणे, दुप्पट भाडे, मुलांनी स्वतः गाडी हाकणे आणि गाडीवानाने बाजूने चालणे, रात्रभर पाण्यावाचून राहणे. मुलांचे येत असल्याचे पत्र रामजींच्या हाती पोहोचलेच नव्हते. नोकर द्यायला विसरला होता. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून सांगतो. मी त्यातली टोपी पाहतो. आईवेगळ्या मुलांना प्रथमच आगगाडीत बसवावयाचे तर ती चांगल्या घरची दिसली पाहिजेत, कोणी त्यांना हीन समजता कामा नये, अशी त्या पेन्शनर शिक्षकाची समजूत होती. नव्या सदऱ्याने जात झाकत नाही, हे त्यास ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? तरीही त्याने तो सदरा शिवला.

रामजींचे देव्हारे माजविण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावाच्या मनाला जखम झाली, आणि मुंबईस पळून जाऊन गिरणीत काम करावे व बापाच्या अन्नातून मोकळे व्हावे, असे त्या पोराने ठरविले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पिशवी लांबविली. तिच्यात अर्धा आणा निघाला. तेव्हा पळण्यापेक्षा अभ्यास करून लवकर आपल्या पायावर उभे राहावे असा निश्चय त्याने केला, असे चरित्रकार लिहितात. पुढे १९०६ च्या सुमारास रामजींनी या मुलाचे लग्न लावून दिले. भायखळ्याच्या बाजारात, दुकाने उठल्यावर रात्री. वर अजून शाळेत, वधू रमाबाई नऊ-दहा वर्षांच्या. काळच तसा होता असे म्हणून मी हे झाकणार नाही. इतका विचारी मनुष्य याही बाबतीत रूढीपलीकडे गेला असता तर बरे झाले असते.

आता मुंबईकडे वळू. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच निजावयाची, तीच अभ्यासाची. तेथेच सरपण, तेथेच जाते. दिवसा अशा खोलीत कोण वाचणार? रामजींनी वेळापत्रक केले. मुलाने लवकर निजावे; बापाने जागे राहावे; रात्री दोन वाजता बापाने मुलाला उठवावे आणि मग स्वतः आडवे व्हावे. मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत वाची. मी शिक्षक-पालकांच्या सभेत विचारले की, आपणांपैकी किती जणांनी मुलाला 'अभ्यास कर' म्हटले आहे? सर्वांचे हात वर झाले. त्याच्या अभ्यासासाठी आपली झोप किती जणांनी मोडली आहे? तेव्हा हात कमी झाले. पण मायमाऊल्यांचे बरेचसे वरच राहिले, हे मी मुद्दाम नमूद करतो.

त्यांनी शिकविले कसे? इंग्रजीची वाचनपुस्तके, तर्खडकरांची भाषांतरमाला आणि अंकगणित, हे त्यांनी स्वतः करून घेतले. मुलाचे मराठी आणि इंग्रजी दोन्ही पक्के व्हावे यावर त्यांचा कटाक्ष होता. शाळेबाहेरची पुस्तके मात्र मुलगा मागू लागला, आणि तेथे पेन्शन अपुरी पडू लागली. रामजी मग लेकींच्या घरी जात. मंजुळा आणि तुळसा या दोघी मुंबईतच नांदत होत्या. एकीकडून दोन रुपये उसने मिळाले तर ठीक. नाही तर दागिना. तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि पेन्शनीचा दिवस उजाडला की दागिना सोडवून लेकीच्या हाती परत जाई. एका अंगाने हा हिशेब साधा आहे. पण या हिशेबात पुस्तक भावाचे आणि सोने बहिणींचे आहे. सासरी नांदणाऱ्या मुलीने अंगावरचा दागिना महिनाभर काढून देणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांना सांगावयास नको. डॉक्टर आंबेडकरांच्या विद्वत्तेचे पहिले भांडवल या दोन भगिनींनी पुरविले. त्यांची पुण्यतिथी आपल्या पंचांगात नाही.

आणि आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी उभा राहिलो, ती सांगतो.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, त्यात ती छापली गेली नाही. पुढे ती प्रसिद्ध झाली. तीत आपण बुद्धाकडे कसे वळलो हे त्यांनी सांगितले आहे, आणि त्या हकीकतीत अर्ध्याहून अधिक जागा पित्याची आहे. रामजी कबीरपंथी होते. मूर्तिपूजेवर त्यांचा विश्वास नव्हता, तरी मुलांसाठी म्हणून घरी गणपती बसवीत. ही विसंगती मुलाच्या डोळ्यांतून सुटली नाही. रोज रात्री निजण्यापूर्वी भीमराव आणि त्यांचे थोरले बंधू यांनी रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचावयाचा, आणि बहिणींनी व शेजारच्या जमलेल्या मंडळींनी ऐकावयाचा, असा त्या घरचा नेम होता. तो पुष्कळ वर्षे चालला. पाहा, येथेही शाळाच. वाचणारे दोघे, ऐकणारे घरभर.

मुलगा इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाला तेव्हा समाजातल्या लोकांनी जाहीर सभा घ्यावयाची ठरविली. चरित्रकार हा प्रसंग १९०७ साली, मॅट्रिकच्या यशानंतर घालतात. बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथी म्हणतात, आणि मी त्यांचे ऐकतो. रामजींनी आधी सभेस नकार दिला. एक परीक्षा पास झाल्याने एवढा गाजावाजा केला तर पोराचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर, म्हणजे दादा केळुसकर, यांनी गळ घातली तेव्हा ते वळले. सभा झाली, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले.

ते वाचून मुलाने बापाला प्रश्न केला. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची मानखंडना पानोपानी आहे, तेच तुम्ही आम्हांला वर्षानुवर्षे का वाचावयास लाविले? बौद्ध वाङ्मय का दाखविले नाही? रामजींना हा प्रश्न रुचला नाही. तुम्ही पोरे आहात, असले वेडगळ प्रश्न विचारू नका, सांगितले ते करा, अशा अर्थाचे बोलून त्यांनी विषय मिटविला. करडा बाप होता तो. मुलांवर त्याची सत्ता पुरी होती. येथपर्यंत ही कथा तुमच्या माझ्या घरची आहे.

काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा केला. बाबासाहेब लिहितात की या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते, हे स्पष्ट दिसत होते. वाचकहो, या एका वाक्यापाशी मी थांबतो. बापाला उत्तराची तयारी करण्याचे कारण काय? आज्ञा तर पहिल्याच वेळी देऊन झाली होती. तयारी करतो तो शिक्षक. वर्गात मुलाने अडविले, त्या क्षणी दटावून वेळ मारून नेली, पण रात्री तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला आणि दुसऱ्या पाठासाठी त्याने उत्तर जुळवून आणले. हे ज्यांनी शाळेत शिकविले आहे त्यांना ठाऊक आहे. बाप मुलापुढे लहान होण्यास भितो. शिक्षकाला ती भीती सोडावी लागते.

उत्तर काय होते? आपण अस्पृश्य, आपल्या मुलांच्या मनात आपण हीन आहोत हा भाव सहज शिरेल. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढे चढले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे वाचले म्हणजे तो न्यूनभाव जाईल, एवढ्यासाठी ही पारायणे. बाबासाहेब मोकळेपणाने मान्य करतात की या युक्तिवादात काही बळ होते. पण त्यांचे समाधान झाले नाही. भीष्म नको, द्रोण नको, कृष्ण नको आणि रामही नको, असे त्यांनी वडिलांना कारणांसह तोंडावर सांगितले. रामजी गप्प राहिले. घरात बंड झाले आहे, हे त्यांनी ओळखले.

या मौनाचा अर्थ पुष्कळ जण पराभव असा लावतात. मला तसे वाटत नाही. ज्या मुलाला पहाटे दोनला उठवून वाचावयास शिकविले, ज्याला रोज रात्री मोठ्याने वाचावयास लाविले, तो वाचलेल्यावर स्वतःचा निवाडा देऊ लागला, तेव्हा शिक्षकाचे काम पुरे झाले होते. रामजींनी ग्रंथ काढून घेतला नाही. केळुसकरांच्या घरची वाट बंद केली नाही. पुढच्या पुस्तकासाठी ते पुन्हा लेकीच्या दारी गेले. मुंबईत १९५४ साली बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. त्यांतला कबीर वडिलांच्या तोंडून आला, आणि बुद्ध वडिलांच्या स्नेह्याच्या हातून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या नागपुरात जे घडले, त्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टींत डबक चाळीतला हा संवाद मी मोजतो.

आपल्या नागपूरची एक गोष्ट बाहेरच्यांना नवल वाटावी अशी आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. मोलमजुरी करणारा मनुष्य पदराची गाठ सोडून मुलासाठी ग्रंथ घेतो, हे मी दरवर्षी पाहतो आणि माझा ऊर भरून येतो. पण सभेत मी पालकांना विचारले तेच येथे विचारतो. ते पुस्तक वाचून तुमच्या मुलाने, किंवा मुलीने, तुम्हांलाच प्रश्न केला तर? तुमचा एखादा नेम, एखादा नवस, लग्नातला एखादा हुंडा, शेजारच्या पोटजातीविषयीचा एखादा शब्द त्याने पकडला तर? पहिल्या वेळी तुम्ही दटावाल. सुभेदारांनीही दटावले होते. दुसऱ्या वेळी तुम्ही तयारी करून बसाल काय? आणि मुलगा न पटल्याचे सांगेल तेव्हा तुम्हांला गप्प राहता येईल काय? सभेत यावर एक गृहस्थ उठून म्हणाले की, असे केल्याने घरात शिस्त राहणार नाही. मी म्हटले, सुभेदारांच्या घराइतकी शिस्त आपल्यापैकी कोणाच्या घरी आहे ते सांगा. पलटणीतला मनुष्य तो. तेथे शिस्तही होती आणि बंडही झाले.

असो. शेवटचे थोडे सांगावयाचे राहिले आहे.

भीमराव १९१२ मध्ये बी. ए. च्या परीक्षेस बसले आणि १९१३ च्या आरंभी बडोदे सरकारच्या चाकरीत रुजू झाले. मुलाने तेथे जाऊ नये असे रामजींना वाटत होते. तेथे त्याचा मान राहणार नाही, हा त्यांचा अंदाज होता, आणि पुढे तो खरा ठरला. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुलगा निघाला. वाटेत सुरत स्टेशनावर वडिलांसाठी बर्फी घेण्यास तो खाली उतरला आणि गाडी सुटून गेली. पुढच्या गाडीने मुंबईस पोहोचावयास दुसरा दिवस उजाडला. म्हातारा वाट पाहत होता. मुलाच्या अंगावरून त्याने हात फिरविला आणि प्राण सोडला. तारीख २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. ते रामजींनी पाहिले नाही.

दहा वर्षांनी, १९२३ साली, लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. चलनाचा, सोन्यारुप्याचा, विनिमयदराचा तो रूक्ष आणि अवघड ग्रंथ आहे. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची आणि त्यांनी दाखविलेल्या जाणतेपणाची कृतज्ञता म्हणून. लेकीचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणणाऱ्या शिक्षकाच्या नावे, सोन्याच्या भावावरचे पुस्तक.